मानाची बॅटरी

हिंदुरावाच्या घरात सुती कापड टिकत नाही. लग्न झालं तेव्हा तो धोतर नेसायचा. पण ॲसिडचा थेंब उडाला की त्या वेळी काही कळत नाही. कापड धुऊन दोरीवर घातलं की मग तिथं चवलीएवढं भोक दिसतं. लीलाबाई दोन वर्षं गप राहिली आणि एक दिवस नवऱ्याचं धोतर उन्हाकडं धरून म्हणाली, "आवं, ही चाळण झाली. आता ह्यातनं बाजरी चाळू का?" तेव्हापासून टेरिलीनची पँट आणि वर लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, हा त्याचा बारमाही वेष. भर चैत्रात स्वेटर बघून नवखा माणूस हसतो. जुन्या माणसांना ठाऊक आहे, लोकर ॲसिडला लवकर दाद देत नाही.

इंदापुरात जनरेटरच्या बॅटऱ्यांचं काम करणारी माणसं आता बरीच झालीत. लोणी देवकरच्या कारखान्यांत तर त्यांची त्यांची पगारी माणसं आहेत. पण हायवेवरचा एक पेट्रोल पंप, एक मंगल कार्यालय, एक लहान दवाखाना, कोंबडीची पिल्लं काढायची हॅचरी आणि वरकुट्याचं बायकांचं दूध शीतकेंद्र, ही गिऱ्हाइकं तीस वर्षं हिंदुरावाला धरून आहेत. नवी असतील ती दहा-बारा वर्षं. जनरेटर म्हणजे हत्तीएवढं धूड, पण त्याला उठवायला बॅटरीच लागते. लाईट गेली आणि बॅटरी मेलेली निघाली, तर तो हत्ती बसला तिथं बसूनच राहतो.

कुठंही गेला तरी हिंदुराव आधी पाणी मागतो. प्यायला नव्हे. दोन बादल्या भरून, झाकून, हाताशी ठेवायच्या. मग खोलीची दारंखिडक्या उघडायची आणि बाहेर जाऊन दहा मिनिटं उगाच उभं राहायचं. कुणी विडी ओढत असला तर त्याला रस्त्यावर पाठवायचं. मग घड्याळ, अंगठी खिशात, रबरी हातमोजे, डोळ्याला प्लॅस्टिकचा मोठा चष्मा. पान्याच्या दांडीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. सोडताना आधी काळी वायर, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळी. ह्यात त्यानं देवाचंही ऐकलं नसतं.

एवढी शिस्त माणसाला आपोआप लागत नाही. हिंदुरावाचा डावा डोळा काचेचा आहे.

सत्तावीस वर्षांचा होता तेव्हा तो इंदापुरातल्या एका बॅटरीच्या दुकानात कामाला होता. खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी आपल्याकडं ज्याचं पोट ज्यावर, तो त्याची पूजा करतो. कुणी कोयता पुजतो, कुणी ट्रॅक्टर, शिंपी मशीन पुजतो. बॅटरीवाल्यानं बॅटरी पुजायची, हे ओघानं आलंच. रात्रभर शटर लावून बॅटरी चार्जिंगला होती. सकाळी मालकानं तिला हळदकुंकू लावलं, हार घातला. आता बॅटरीच्या बुचाला बारीक भोक असतं, आतला गॅस बाहेर जायला. त्या भोकात उदबत्ती अगदी मापात बसते. ती तिथं खोवली कुणी, तर हिंदुरावानंच, हौसेनं. त्या गॅसला ना रंग, ना वास. "फाट" असा आवाज झाला आणि झाकणाच्या चिरफळ्या उडाल्या.

पुढचं सगळं माणसांच्या मायेपोटी बिघडलं. मालकाची म्हातारी आई घरातनं लोण्याचा गोळा घेऊन धावली आणि तिनं तो डोळ्यात भरला. वरनं फडकं बांधलं. जीपगाडी मिळवली, बारामती गाठली. डॉक्टर म्हणाले, "अहो, पळत येण्याआधी तिथंच वीस मिनिटं नुसतं पाणी मारायचं होतं." दुकानाच्या दारातच हौद होता.

त्यानंतर हिंदुरावानं पूजा सोडली नाही. लोकांनाही सोडा म्हणाला नाही. म्हणून उपयोग नव्हता. खंडेनवमीला बॅटरी पुजू नका म्हणणाऱ्याला गावानं वेड्यात काढलं असतं. त्यानं वेगळंच केलं. एक मेलेली बॅटरी घेतली, आतलं ॲसिड आणि शिसं नेमानं भंगारवाल्याच्या हवाली केलं, रिकामी पेटी सोड्याच्या पाण्यानं चार वेळा धुतली आणि वरची दोन्ही टोकं ऑइलपेंटनं रंगवली, प्लसचं लाल, मायनसचं काळं. तिला नाव पडलं मानाची बॅटरी. खंडेनवमीला सकाळी सहापासनं हिंदुराव मोपेडवर ती घेऊन फिरतो. खऱ्या बॅटरीचं चार्जिंग बंद, तिच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि अंगणात स्टुलावर मानाची बॅटरी. लावा काय कुंकू लावायचं ते. निरांजन ठेवा, उदबत्त्या लावा, नारळाचं पाणी ओता. ती कुणाचं काही करत नाही. पहिल्या वर्षी लोक हसले. आता मानाची बॅटरी यायला उशीर झाला तर पंपावरनं फोन येतो.

दरसाल श्रावणात तो तिच्या टोकांना नवा रंग देतो. यंदाही त्यानं दिला, ओसरीवर बसून, एकट्यानंच.

तर अशा माणसाच्या उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. आला म्हणजे दोन वर्षं येतच होता. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑपरेशन करा, साधं आहे. हिंदुराव म्हणाला, बघू. मग ऊस जाऊ दे म्हणाला, मग लगीनसराई जाऊ दे म्हणाला. लीलाबाईला वाटलं, आळस आहे. आळस नव्हता. दोन डोळ्यांच्या माणसाचा एक बिघडला तर एक उरतो. ह्याचा बिघडला तर काय उरतं, हे त्यानं डोळे मिटून, घरातल्या घरात चालून बघितलं होतं. उखळाला अडखळून पडला होता आणि लीलाबाईला म्हणाला होता, मांजर आडवं आलं.

ही गोष्ट उघडी पडली वरकुट्यात, भाद्रपदात.

वरकुट्याचं शीतकेंद्र बायकांच्या सोसायटीचं. अध्यक्ष बनाबाई, साठीची, आवाज लाऊडस्पीकरचा. दूध घेणं, तपासणं आणि टाकी थंड ठेवणं हे सारजाचं काम. सारजा पस्तिशीची, बारावी झालेली, बोलायला कमी आणि बघायला तिखट. टाकीत दोन हजार लिटर दूध असतं. लाईट गेली आणि जनरेटर उठला नाही, तर ते सगळं नासायला काही तास पुरतात. दीडशे बायांचं दूध.

त्या दिवशी हिंदुराव बॅटरी तपासत होता. बॅटरीला सहा खाने. प्रत्येक खान्यातलं पाणी रबरी फुग्याच्या काचेच्या नळीत ओढून घ्यायचं. नळीत एक आकडे लिहिलेली काचेची दांडी तरंगते. ती किती वर राहते त्यावरनं खाना भरलेला की रिकामा, ते कळतं.

"साडेबाराशे," हिंदुराव म्हणाला. "सहाच्या सहा. झ्याक हाय."

सारजा मागं उभी होती. "तात्या, चौथं पुन्यांदा बगा."

"बगितलं की."

"दांडी बुडाल्या तिच्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं? दूध न्हवं हे."

सारजा आत गेली आणि दूध तपासायची काचेची दांडी घेऊन आली. त्याच्यापुढं धरून म्हणाली, "ही मी रोज दोन वेळा दीडशे बायांच्या दुधात सोडतिया. वर राह्यली तर दूध दाट, बुडाली तर पाणचट. कोन पाणी घालून आणतंय ते दांडी हालायच्या आत मला कळतं. तुमचं चौथं खानं पाणचट हाय. अकराशे ऐंशी."

हिंदुरावानं नळी परत डोळ्याजवळ नेली. आणखी जवळ नेली. नळीत धुकं होतं आणि धुक्यात काहीतरी पांढरं हलत होतं. सहा महिने तो तेच बघत होता आणि सवयीनं आकडा सांगत होता.

"किती म्हैनं झालं?" सारजानं हळूच विचारलं.

"कशाला?"

"दिसत न्हाय त्याला."

"दिसतंय की. ही काय, तू उभी हायस."

"मी सारजा हाय का बनाआक्का?"

हिंदुरावानं मान तिरकी केली. "आवाज तर सारजाचा हाय. बनाबाई असती तर भिंत हालली असती."

सारजा हसली, तसा तोही हसला, आणि हसता हसता बादलीवर बसला. मग त्यानं तिला उखळाची खरी गोष्ट सांगितली, जी लीलाबाईलाही सांगितली नव्हती. सारजानं धीर वगैरे दिला नाही. तिनं विचारलं, "डाक्टरांनी तारीख कंची दिल्या?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिसाची. त्येच्यानंतर दोन म्हैनं मोकळी न्हाय म्हणत्यात. म्हणून तर जमत न्हाय. मानाची बॅटरी कोन फिरवंल?"

"मी फिरवते."

"तू न्हाय."

"बाई हाय म्हणून?"

"गळ्यातल्यामुळं," हिंदुराव म्हणाला. "वाकलीस की डोरलं लोंबतं. दोन टोकांवर आडवं पडलं तर साखळी तापून लाल हुईल, गळ्याची कातडी निघंल. धातूचं काय बी लोंबतं चालत न्हाय हितं."

सारजानं उभ्या उभ्या गळ्यातलं मागं टाकलं, ब्लाऊजच्या आत घेतलं, वरनं पदर गुंडाळून पिन मारली. हातातल्या पाटल्या काढून दुधाच्या मापात ठेवल्या. "झालं? आता काय कारण हाय?"

हिंदुरावाकडं दुसरं कारण नव्हतं. होती ती ऑपरेशनची भीती, आणि ती कारण म्हणून सांगता येण्यासारखी नव्हती.

चौथा खाना मेलाच होता, त्यामुळं सोसायटीनं आठ दिवसांत नवी बॅटरी आणली. ती बसवताना आणि पुढं पंधरा दिवस हिंदुराव सारजाला बरोबर घेऊन सगळीकडं फिरला. साडीवर नवऱ्याचा जुना टेरिलीनचा शर्ट चढवून ती यायची, खुरपायला जाणाऱ्या बायका घालतात तसा. हातमोजे तिला मोठे व्हायचे. बॅटरी उचलायची ती बुडाखाली हात घालून, दोघांनी, वाकडी न करता. बुडबुडे दिसले तर चार्जिंग आधी बंद, मग काय ते. टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला तर सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, पण बुचं घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये. मग कोरडं पुसून व्हॅसलीन.

पाण्यावरनं वरकुट्यात एक भांडण झालं. केंद्रात फिल्टरचं मशीन होतं आणि बनाबाईला त्याचा फार अभिमान.

"माणसं पित्यात त्ये पाणी बॅटरीला चालत न्हाय? मोठी लागून गेली!"

"आक्का, तिचं पोट आपल्यापरीस नाजूक हाय," हिंदुराव म्हणाला. "तिला डब्यातलं बॅटरीचं पाणीच लागतं. आपलं गोडं पाणी बी तिला बाधतं."

"मंग ॲसिड वता की वरनं. कडक हुईल."

"ॲसिड आतलं आतच ऱ्हातं, उडतं त्ये पाणी. भातातलं पाणी आटलं तर वरनं पाणी घालता का मीठ?"

हे बनाबाईला पटलं. बायकांना भाताचं लगेच पटतं.

सारजाची चूक एकदाच झाली. हॅचरीवर तिनं चार्जिंगच्या आधीच सगळे खाने गळ्यापर्यंत भरले. चार्जिंगला लावल्यावर आतलं पाणी वर आलं आणि बुचातनं बाहेर सांडलं. हिंदुरावाला ते दिसलं नाही, पण फरशीवरचा फसफस आवाज ऐकू आला. तो ओरडला नाही. सोड्याचं पुडकं तिच्या हातात दिलं. सोडा टाकल्यावर फरशीवर फेस उठला.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"उतू गेल्यालं दूध."

"मंग दुधाचं भांडं काठोकाठ भरून चुलीवर ठिवतीस का?"

"न्हाय तात्या."

तेवढंच.

ऑपरेशनचं हिंदुराव कुणाला फारसं सांगत नाही. हिरवं कापड, वर दिवा, वीस मिनिटं. मग डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दोन्हीकडं अंधार. लीलाबाई घास भरवायला लागली तेव्हा त्यानं तिचा हात धरून ताट चाचपलं आणि म्हणाला, "मी खातो. नंतर हेच करायचं असंल तर आत्तापास्नं सवय बरी." लीलाबाई म्हणाली, "गप खावा, वरण सांडतंय."

खंडेनवमीच्या सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं धरली. हिंदुराव म्हणाला, "तीन." डॉक्टर म्हणाले, "छान." पण सगळं अजून पाण्यातनं बघावं तसं होतं. आणि सहा महिने अंदाजानं आकडे सांगून त्याची अशी गत झाली होती, की खरा आकडा आला तरी त्यावर विश्वास बसेना. तीन दिसली की तीन म्हणालो? डॉक्टर लोक बहुतेक तीनच धरत असतील.

डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही, धूर आणि ॲसिडच्या वाऱ्यालाही जायचं नाही, असं दोनदा सांगितलं. एकदा त्याला आणि एकदा लीलाबाईला.

भाड्याच्या जीपमधनं परत येताना तो म्हणाला, "गाडी वरकुट्याला घ्या."

"घरी," लीलाबाई म्हणाली.

"लांबनं बगतो."

"बगायचंय, का ऐकायचंय?"

लीलाबाईनं ड्रायव्हरला वरकुट्याचा रस्ता सांगितला आणि अट घातली, खुर्चीतनं उठायचं नाही.

केंद्राच्या अंगणात कडुनिंबाखाली त्याला खुर्ची मिळाली, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. सारजा चार ठिकाणं उरकून नुकतीच आली होती. मानाची बॅटरी स्टुलावर झेंडूचा हार घालून बसली होती. बायका जमल्या होत्या. पण बनाबाई ताट घेऊन निघाली ती थेट जनरेटरच्या खोलीकडं. ताटात निरांजन पेटलेलं.

"आक्का, हितं. स्टुलावर," सारजा म्हणाली.

"ती जुनीपानी दरसालचीच हाय. नवी बॅटरी आलीया, तिची पयली पूजा. पयल्या पूजेला खोटी चालत न्हाय."

हिंदुरावाचे हात खुर्चीच्या हातांवर आवळले. सकाळी चार्जिंग बंद केलं का सारजानं? गॅस जायला खोली उघडी ठेवली होती का? एवढ्या लांबनं दाराचा काळा चौकोन दिसत होता आणि त्याकडं सरकणारी एक पिवळी ज्योत. तो उठायला लागला. लीलाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुरता भार दिला.

सारजा धावली नाही. चालत जाऊन दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आक्का, तुमची राजेश्वरी सून म्हणून आली तवा तिला कुठं ववाळलं?"

"कुठं म्हंजी? उंबऱ्यात."

"चुलीवर बसवून न्हाय न्हवं?"

बायका फिसकन हसल्या.

"ही बी नवी हाय. हितनं उंबऱ्यातनं वाट्टंल तेवढं कुंकू उधळा. पर दिवा आत जायाचा न्हाय. तात्यांचा एक डोळा असाच गेलाय, आन् दुसरा काल डाक्टरकडनं मागून आणलाय. तिसरा कुठनं आणायचा?"

बनाबाईनं कडुनिंबाकडं बघितलं. काळा चष्मा घातलेला हिंदुराव खुर्चीत अर्धा उठलेला होता. ती मागं वळली.

"बस की रं हिंदुराव," ती ओरडली. "यित न्हाय मी आत. लेकीला वकील केलायस न्हवं?"

पूजा स्टुलावरच झाली. नारळ फोडला तो पायरीवर. मग ताट लांब गेलं, उदबत्त्या विझल्या, बादल्या दारात आल्या, आणि सारजानं आत जाऊन चावी फिरवली. जनरेटर पहिल्या झटक्याला उठला. हिंदुराव मान तिरकी करून ऐकत राहिला. आवाज सरळ होता, कुठं अडखळत नव्हता. पाच मिनिटांनी तिनं तो बंद केला.

मग सारजा मानाची बॅटरी उचलून त्याच्याकडं घेऊन आली. "पाच ठिकाणचं कुंकू लागलंय हिला. तुमी राह्यलाय."

तिनं ती त्याच्या मांडीवर ठेवली. हिंदुरावानं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडवलं आणि सवयीनं काळा चष्मा कपाळावर सारला.

"चष्मा!" लीलाबाई ओरडली.

पण तो थांबला होता. झेंडूची फुलं एवढी पिवळी असतात, हे तो विसरला होता. आणि त्या पिवळ्याच्या दोन बाजूंना दोन टोकं. पेटीवर उठावाची प्लसची खूण होती, तिच्या शेजारी रंग होता काळा. मायनसच्या शेजारी लाल.

"सारजे," तो म्हणाला, "प्लसला काळं कुणी फासलं?"

सारजानं विचारलं, "काय दिसतंय तात्या?"

"उलटं हाय की. लाल हिकडं, काळं तिकडं. कुणी केलं हे?"

"तुमी. सरावणात."

हिंदुराव पेटीकडं बघत राहिला. ओसरीवरचे दोन डबे त्याला आठवले. तेव्हा दोन्ही सारखेच काळपट दिसले होते आणि त्यानं हातानं चाचपून ठरवलं होतं, हा लाल. ही पेटी रिकामी होती म्हणून ठीक. वायरांवरच्या लाल-काळ्या पट्ट्याही तोच बदलत होता. खऱ्या बॅटरीवर असा हात फिरला असता तर ठिणगी सारजाच्या तोंडावर उडाली असती.

"तुला कवा दिसलं?"

"पयल्या दिसालाच. रंग पुसणार हुते. मंग म्हणलं, ऱ्हाऊ दे. बोटं काय, कुनीबी मोजंल. हे तात्यांना आपसूक दिसलं, तर डोळा आला म्हणायचं."

कुंकवाचं बोट त्यानं पेटीला लावलं, लाल आणि काळ्याच्या बरोबर मधी.

"माझ्या वायरांच्या पट्ट्या बगितल्यास का?"

"सगळ्या. पंपावरची एक उलटी हुती. बदललीया."

"बरं झालं," तो म्हणाला. "वरकुट्याची बॅटरी हितनं फुडं तूच बगायची. मी बादलीवर बसंन." मग त्यानं विचारलं, "रंग हाय का हितं?"

कॅन रंगवायचा लाल डबा केंद्रात होता. काळा बनाबाईनं शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडनं मागवला. हिंदुराव ब्रशकडं हात करत होता, तो लीलाबाईनं काढून सारजाच्या हातात दिला. सारजा पेटी खाली ठेवून, उकिडवी बसून रंगवायला लागली. हिंदुराव खुर्चीतनं सांगत होता, आधी प्लस, आधी प्लस. ती म्हणत होती, व्हय तात्या, वाचता येतंय.

"वाळंस्तवर हात लावायचा न्हाय," ती शेवटी म्हणाली.

हिंदुरावानं हात मागं घेतला. लीलाबाई बायकांत पाणी प्यायला वळली, तसा त्यानं चष्मा परत हळूच वर केला.